नौकेचें कूळ आणि मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यामागचा अभिप्राय शहाणपणाचा आहे. एखाद्याचा मोठेपणा एकदां सिद्ध झाल्यावर त्याच्या उगमाची चौकशी करून हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. उलट श्रद्धेला मात्र तडा जातो. परंतु जगांत अशाहि कांहीं वस्तु आहेत कीं, त्यांच्या बाबतींत ही म्हण उलटी वाचावी लागते. त्यांचें कूळ आणि मूळ शोधल्यावांचून त्यांना मोठेपणा देतांच येत नाहीं. भर समुद्रावरील शर्यतींसाठीं बांधलेल्या जुन्या मोटार-नौका ह्या अशा वस्तूंपैकींच होत.

श्रोतेहो, अशी कल्पना करा कीं, एखाद्या परदेशी बंदरांत वखारीच्या मागें गवतांत एक जुनी नौका पडली आहे. लांबी तीस-बत्तीस फूट. रंगाचे पापुद्रे सुटलेले, इंजिनें केव्हांच काढून विकलेलीं, पाठीमागच्या फळीवरचें नांव खरवडून टाकलेलें. गांवांतला एखादा म्हातारा सांगतो कीं, ही एके काळची नामांकित नौका. हिनें अमुक सालची शर्यत जिंकली होती. घेणाऱ्याला तें खरें वाटतें, कारण तें खरें असावें अशी त्याची मनांतून इच्छा असते. तो ती नौका विकत घेतो, तिची डागडुजी सुरू करतो, आणि मग त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो : ही नौका खरोखर कोण? पाठीमागच्या फळीवर आतां कोणतें नांव रंगवावयाचें?

वरवर पाहतां हा हौशी श्रीमंतांचा खेळ वाटेल, आणि कांहीं अंशीं तो आहेहि. परंतु त्या फळीवरच्या चार अक्षरांत तिघांचा मान गुंतलेला असतो : जिनें ती शर्यत खरोखर जिंकली त्या नौकेचा, जिच्यावर तें नांव आतां लादलें जाणार आहे त्या नौकेचा, आणि जिंकणारी नौका ज्यांनीं आंखली व बांधली त्या माणसांचा. म्हणून ह्या शोधाची रीत काय, त्यांत कोणती साक्ष खरी मानावी आणि कोणती दुय्यम, हें पाहण्यासारखें आहे. त्यासाठीं प्रथम ह्या नौकांच्या जन्माची हकीकत थोडी जाणून घेतली पाहिजे.

मोटार-नौकांच्या शर्यतींना व्यवस्थित आरंभ झाला तो १९०३ सालीं. इंग्लंडांतील वृत्तपत्रांचे प्रसिद्ध मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनीं एक आंतरराष्ट्रीय ढाल ठेविली, आणि त्या सालच्या जुलै महिन्यांत आयर्लंडांतील क्वीन्सटाउन बंदरापाशीं पहिली शर्यत झाली. एस. एफ. एज या गृहस्थांची ‘नेपियर’ नांवाची ४० फुटी पोलादी नौका ती जिंकली. तिचा वेग ताशीं सुमारें १९ मैल होता. आजच्या मानानें तो हसण्यासारखा वाटेल. जिंकणारा म्हणून ढालीवर कोरलें गेलें तें मालकाचें, म्हणजे एज यांचें नांव. परंतु त्या दिवशीं नौका हांकण्याचें श्रेय दिलें जातें तें डॉरोथी लेव्हिट या तरुणीला. म्हणजे ह्या खेळाच्या अगदीं पहिल्याच दिवशीं कोरीव अक्षर आणि प्रत्यक्ष घटना यांत अंतर पडलें. जो कोणी जुन्या नौकांचा शोध घेऊं इच्छितो, त्यानें हा पहिला धडा गांठीशीं बांधून ठेवावा : धातूवर कोरलेलें तेवढें सगळें सत्य नसतें.

दुसरा धडा अधिक कठोर होता, आणि तो समुद्रानें शिकविला. १९०५ सालच्या मे महिन्यांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अल्जीयर्सपासून फ्रान्समधील तूलाँ बंदरापर्यंत, वाटेंत माहोन येथें मुक्काम करून, भूमध्य समुद्र ओलांडण्याची शर्यत ठरली. सात नौका निघाल्या. पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्या टप्प्यांत वादळ उठलें आणि एकामागून एक नौका पाण्यांत गडप होऊं लागल्या. बरोबर असलेल्या लढाऊ जहाजांनीं माणसें वांचविलीं. नौका मात्र बहुतेक सर्व गेल्या. शेवटीं ‘कामिय’ नांवाच्या नौकेची चालक मादाम द्यु गास्त या फ्रेंच बाईंना, त्या मुक्कामाच्या सर्वांत जवळ पोंचल्या होत्या म्हणून, कांहीं महिन्यांनीं विजयी ठरविण्यांत आलें. त्यांची स्वतःची नौकाहि समुद्रानें गिळली होती. तूलाँला कोणीच पोंचलें नाहीं, आणि तरी विजय मात्र नोंदला गेला!

ह्या नाशाचें कारण चालकांचा भित्रेपणा नव्हे किंवा इंजिनांचें दौर्बल्यहि नव्हे. दोष नौकांच्या घडणीचा होता. नौका सावकाश चालते तेव्हां ती आपल्या वजनाइतकें पाणी बाजूला सारून तरंगत असते. वेग वाढूं लागला म्हणजे पाणी बाजूला सारण्यांतच सर्व शक्ति खर्च होते. त्यांतून सुटण्याचा मार्ग एकच : नौकेनें पाण्याच्या पृष्ठावर चढून त्यावरून घसरत जावें, जसा मुलांनीं फेंकलेला चपटा दगड तळ्याच्या पाण्यावरून टिपऱ्या खात जातो. ह्यासाठीं तळ सपाट असावा लागतो. बंदराच्या शांत पाण्यांत असा तळ उत्तम काम देतो. परंतु भर समुद्रांत, लाटेच्या माथ्यावरून सुटलेली नौका पुढच्या लाटेवर सपाट आदळली म्हणजे तो आघात दगडावर आदळल्यासारखाच होतो. फळ्या फुटतात, खिळे सैल होतात, आणि आंतल्या माणसांच्या पाठीचे मणके दुखावतात. निमुळता खोल तळ घेतला तर लाट चिरली जाते, पण नौका पाण्यावर चढत नाहीं. वेग हवा तर सुरक्षितता सोडा, आणि सुरक्षितता हवी तर वेग सोडा, अशी ही पेंचाची स्थिति पुढें पन्नास वर्षें राहिली.

तो पेंच सुटल्याची हकीकत हीच ह्या सर्व कुळांची मूळकथा होय. १९५८ सालीं अमेरिकेंत न्यूपोर्ट येथें शिडाच्या जहाजांची सुप्रसिद्ध ‘अमेरिकाज कप’ स्पर्धा होती. तेथें रेमंड हंट या नौका-रचनाकाराची एक २३ फुटी मोटार-नौका मोठ्या जहाजाच्या चाकरींत इकडून तिकडे धांवत असे. समुद्र खवळलेला असतांहि ती वेग न मोडतां लाटांतून सरळ जात होती. शिडाच्या एका जहाजावर खलाशी म्हणून आलेल्या रिचर्ड बर्ट्रम या नौका-व्यापाऱ्याच्या नजरेनें तें टिपलें. हंटनें केलें होतें तें असें : तळ पाचरीसारखा खोल घेतला, तो पाचरीचा कल पुढच्या टोंकापाशीं ठेवून मागें सपाट करीत न नेतां, मागच्या फळीपर्यंत तसाच कायम ठेविला, आणि तळाच्या दोन्ही अंगांना लांबट पट्ट्या बसविल्या. पाचर लाट चिरते, आणि पट्ट्या उडणारें पाणी खालीं दाबून नौकेला वर उचलतात. सांगितलें म्हणजे सोपें वाटतें; पण हें अर्धें शतक कोणाला सुचलें नव्हतें.

बर्ट्रमनें हंटकडून त्याच घडणीची सुमारें ३० फुटी लांकडी नौका करवून घेतली. मागच्या फळीपाशीं तिच्या तळाचा कल २४ अंशांचा होता. बायकोच्या लाडक्या नांवावरून तिचें नांव त्यानें ‘मॉपी’ ठेविलें. १९५६ पासून फ्लोरिडांतील मायामीपासून बहामा बेटांतील नासोपर्यंत भर समुद्रांतली एक शर्यत होऊं लागली होती, आणि तिचें पहिलें वर्ष सॅम ग्रिफिथ व बर्ट्रम या जोडीनेंच जिंकलें होतें. १९६० सालच्या शर्यतींत वारा जबर होता आणि लाटा माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या होत्या. ‘मॉपी’ आठ तासांत नासोला पोंचली. तिच्यानंतर दोन तासांनीं दुसरी नौका आली, ती हंटच्याच घडणीची, अवघी २३ फुटी. बाकीच्यांपैकीं ज्या पोंचल्या त्या दुसऱ्या दिवशीं! पहिल्या दोन नौकांत इंजिनें वेगळीं, लांबी वेगळी, माणसें वेगळीं. सारखा होता तो तळ. कोणत्याहि वादविवादापेक्षां हा निकाल बोलका होता.

पुढें काय झालें तें वंशावळीच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. बर्ट्रमनें ‘मॉपी’च्या लांकडी अंगावरूनच साचा घेतला आणि त्या साच्यांतून फायबरग्लासच्या, म्हणजे काचेच्या तंतूंचें कापड रसायनांत भिजवून थरावर थर देऊन केलेल्या, नौका काढावयास आरंभ केला. १९६१ सालीं त्यांतलीच एक नौका मायामी-नासो शर्यत जिंकली. हीच ती ३१ फुटी ‘बर्ट्रम’ जात. पुढें पंचवीस वर्षें ती निघत राहिली. म्हणजे एका लांकडी आईच्या पोटीं शेंकडों काचेच्या मुली जन्मल्या, आणि त्यांच्या तळाची प्रत्येक रेघ आईचीच होती.

येथूनच संशोधकाची खरी अडचण सुरू होते. साच्यांतून निघालेल्या वस्तूवरून पुन्हां साचा घेतां येतो. दुसऱ्याची तयार नौका विकत आणावी, उलटी ठेवून तिच्यावर साचा बसवावा आणि आपल्या नांवानें नौका काढाव्या, हा धंदा अमेरिकेंत इतका वाढला कीं फ्लोरिडा राज्यानें १९८३ सालीं त्याविरुद्ध कायदा केला. ‘बोनिटो’ नांवाच्या नौका-कारखान्यानें त्या कायद्याच्या आधारानें केलेला दावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८९ सालीं न्यायालयानें तो राज्याचा कायदाच रद्द ठरविला. कारण शोधांना संरक्षण देणें हा मध्यवर्ती सरकारचा अधिकार होय. शेवटीं १९९८ सालीं मध्यवर्ती विधिमंडळानें नौकेच्या तळाच्या घडणीला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला. तात्पर्य, त्यापूर्वींच्या अनेक वर्षांत एका तळाचे अनेक बाप निघाले. दोन नौकांचे चेहरे जुळले म्हणून त्या बहिणी ठरत नाहींत. एक मुलगी असेल, आणि दुसरी नुसती आरशांतली आकृति असेल.

कारखान्याच्या नांवानेंहि असाच घोटाळा होतो. डॉन ॲरोनो या धाडसी गृहस्थानें फ्लोरिडांत १९६० नंतरच्या दहा वर्षांत एकामागून एक चार कारखाने काढले : फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट. एक कारखाना नांवारूपाला आला कीं तो विकावयाचा आणि दुसरा काढावयाचा, ही त्याची रीत. चारी पाट्यांमागें डोकें एकच. उलट विकलेल्या पाटीखालीं पुढें काम करणारीं डोकीं निराळीं. म्हणून ‘ही ॲरोनोची नौका’ असें कोणी म्हटलें तर जाणता मनुष्य लगेच विचारतो : कोणत्या सालची? पाटीवरचें नांव सालावांचून अर्धेंच राहतें.

आतां अटलांटिकच्या दुसऱ्या तीराकडे वळलें पाहिजे. कारण ह्या कुळाची एक शाखा तेथें आहे आणि तिची एक मुळी थेट मुंबईपर्यंत येते. मायामी-नासो शर्यतीवरून स्फूर्ति घेऊन सर मॅक्स एटकिन यांनीं ‘डेली एक्सप्रेस’ वृत्तपत्राच्या वतीनें १९६१ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काउझ ते टॉर्की ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षीं टॉमी सॉपविथ यांची ‘थंडरबोल्ट’ जिंकली. दुसऱ्या वर्षीं व्हॉस्पर कारखान्याची ‘ट्रामोंटाना’ जिंकली. तिचे रचनाकार पीटर द्यु केन हे लढाऊ आरमारी नौकांचे वाकबगार होते. आणि १९६३ सालीं जिंकली ती इटलींत आंझिओ येथें बांधलेली ‘आ स्पेरान्झिएला’. तिचे रचनाकार आणि त्या दिवशींचे चालक एकच होते : रेनातो लेव्ही, ज्यांना सारें जग ‘सनी’ लेव्ही म्हणून ओळखतें.

हे लेव्ही जातीनें इटालियन. पण त्यांचा जन्म १९२६ सालीं कराचीला झाला, आणि त्यांच्या नौकाबांधणीची सुरुवात झाली ती मुंबईंत, घरच्या ‘आफ्को’ नांवाच्या कारखान्यांत. पुढें १९७१ सालीं त्यांनीं आपल्या व्यवसायावर जें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवाचा अर्थच ‘अरबी गलबतांपासून त्रिकोणी नौकांपर्यंत’ असा आहे. त्यांची ‘सरफ्युरी’ ही नौका १९६५ सालीं काउझ येथील साउटर यांच्या कारखान्यांत झाली. पातळ लांकडी पापुद्रे तिरकस एकावर एक चिकटवून तिचें अंग केलेलें, पुढें निमुळतें आणि मागें रुंद असें, आणि दोन इंजिनें एकामागें एक ठेवून दोहोंची शक्ति एकाच पंख्याला दिलेली. १९६७ सालची काउझ-टॉर्की शर्यत तिनें जिंकली. समुद्रावर उतरणाऱ्या वेगवान नौकांच्या रचनेंत हंट आणि लेव्ही हीं दोन्ही नांवें आज बरोबरीनें घेतलीं जातात. अर्थात् नदीच्या मुळाप्रमाणेंच ह्या विद्येचेंहि मूळ एका जागीं दाखवितां येत नाहीं. एक ओहोळ न्यूपोर्टहून निघाला, दुसरा अरबी समुद्राच्या कांठून. मुंबईच्या वाचकाला ह्यांत थोडा अभिमान वाटला तर तो अस्थानीं नाहीं; पण तो अभिमान लेव्हींच्या चरित्रापुरता आहे, आणि ‘आ स्पेरान्झिएला’ मुंबईला बांधली असें त्याच्या भरांत कोणी म्हणूं लागला तर तो कुलशोध नव्हे, ती दंतकथा होईल. दंतकथा अशाच जन्मतात : खऱ्या गोष्टीला एक पाऊल पुढें ढकलून.

तर मग गवतांत सांपडलेल्या त्या निनांवी नौकेची ओळख पटवावी कशी? शोधकाला पांच साक्षीदार तपासावे लागतात, आणि त्यांची योग्यता सारखी नसते.

पहिला साक्षीदार म्हणजे क्रमांक. अमेरिकेंत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नौकेच्या अंगावर बारा अक्षरांचा क्रमांक सक्तीचा झाला. त्यांतलीं पहिलीं तीन अक्षरें कारखान्याचीं, पुढचीं त्या नौकेचीं आणि शेवटचीं काळाचीं. १९८४ च्या ऑगस्टपासून तोच क्रमांक नौकेच्या आंत एका गुप्त जागींहि घालावा लागतो, म्हणजे बाहेरचा खरवडला तरी आंतला राहतो. परंतु समुद्री शर्यतींचा उमेदीचा काळ १९७२ च्या आधींचा. त्या काळच्या नौकांवर कारखान्याची पितळी पट्टी असली तर असे, आणि तिच्यावरचा आंकडा कारखान्याच्या आपल्या सोयीचा असे. शिवाय पट्टीला चार स्क्रू असतात. स्क्रू काढून ती दुसऱ्या नौकेवर बसविणें पांच मिनिटांचें काम आहे.

दुसरा साक्षीदार इंजिन. पुष्कळ लोक ह्यालाच मोठा मानतात, आणि तेथेंच फसतात. शर्यतीचें इंजिन फार दिवस टिकत नाहीं. एका हंगामांत तें दोनदां बदललें जाई, आणि नौका विकतांना तर प्रथम इंजिनच निघून जाई. म्हणून इंजिनाचा क्रमांक जुळला तर आनंद मानावा, न जुळला तर दुःख मानूं नये. मात्र इंजिन ज्या बैठकीवर बसलें होतें त्या बैठकीचीं भोंकें इंजिनापेक्षां अधिक खरें बोलतात. इंजिनें दोन होतीं कीं एक, शेजारीं होतीं कीं एकामागें एक, हें बुजविलेलीं भोंकें सांगून टाकतात.

तिसरा साक्षीदार म्हणजे नौकेचें अंग, आणि हा सर्वांत विश्वासू. तळाचा कल कोनमापकानें मोजतां येतो. पट्ट्या किती आणि कोठें थांबतात हें पाहतां येतें. लांकडी असल्यास पापुद्रे किती व कोणत्या दिशेनें चिकटविले, फायबरग्लास असल्यास कापडाचे थर कसे दिले, हें उकलून दिसतें. रंगाचे थर सावकाश घांसून काढले तर जुन्या पोथीच्या पुसलेल्या अक्षरांसारखे शर्यतींचे जुने क्रमांक खालून वर येतात. परंतु शर्यतीचा क्रमांक प्रत्येक वर्षीं बदले. तेव्हां एका आंकड्यावर भिस्त न ठेवतां आंकड्यांचा क्रम पाहिला पाहिजे.

चौथा साक्षीदार म्हणजे कागद : कारखान्याचीं रेखाटनें, शर्यतींत नांव नोंदविल्याच्या याद्या, विक्रीच्या पावत्या, विम्याचीं पत्रें, आणि त्या काळच्या मासिकांतलीं छायाचित्रें. छायाचित्रांत मोठ्या गोष्टी पाहूं नयेत; मोठ्या गोष्टी सर्व सारख्याच असतात. हवेच्या भोकांची जागा, दोर बांधण्याच्या खुंटीचा कोन, कांचेच्या चौकटीची वळण, अशा क्षुल्लक खुणा ओळख पटवितात. जसें जत्रेंत हरवलेलें मूल आई अंगरख्यावरून नव्हे, तर कानामागच्या तिळावरून ओळखते.

पांचवा साक्षीदार म्हणजे माणसाची आठवण. कारखान्यांतला जुना सुतार, चालकाची विधवा, बंदरावरचा यंत्रकार, ह्यांच्याशिवाय शोध सुरूच होत नाहीं. पण त्यांच्यावर तो संपतांहि कामा नये. आठवण प्रामाणिक असूनहि सालें गाळते, दोन नौकांची एक करते, आणि जिंकलेल्या दिवसाचा प्रकाश हरलेल्या दिवसांवरहि पसरविते. आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चा पहिला खंड प्रसिद्ध करून हीच गोष्ट महाराष्ट्राला शिकविली. बखर रंजक असते, ती टाकून देऊं नये. पण बखरींतलें विधान अस्सल पत्रानें ताडून पाहिल्याशिवाय इतिहास म्हणून मांडूं नये. नौकेच्या बाबतींत म्हाताऱ्याचें बोलणें ही बखर, आणि तळ व दिनांकित कागद हीं अस्सल पत्रें. हीं दोन्ही एक बोलूं लागलीं म्हणजेच नांव द्यावें, त्याआधीं नाहीं.

नांव ही वस्तु किती चंचल असते आणि अंग किती स्थिर असतें, ह्याचें एक उदाहरण मुंबईचेंच आहे, जरी तें शर्यतीच्या नौकेचें नाहीं. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं इंग्रजी आरमारासाठीं ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें सागवानी लढाऊ जहाज बांधलें. १८९७ सालीं तें विकलें गेलें आणि नव्या धन्यानें त्याला ‘फूद्रॉयां’ हें दुसऱ्याच एका बुडालेल्या जहाजाचें नांव दिलें. जवळजवळ शंभर वर्षें तें त्या परक्या नांवानें तरंगत होतें. इंग्लंडांत हार्टलपूल येथें त्याचा जीर्णोद्धार चालू असतां १९९२ सालीं मूळ नांव त्याला परत मिळालें, आणि आज तें त्याच नांवानें तेथें उभें आहे. तें परत मिळूं शकलें ह्याचें कारण, मुंबईच्या सागवानानें आणि आरमाराच्या दप्तरानें एकच साक्ष दिली.

लढाऊ जहाजाला आरमाराचें दप्तर असतें. शर्यतीच्या नौकेला असें कोण आहे? तिचें आयुष्य दोन-तीन हंगामांचें. पुढच्या वर्षीं नवी नौका येते, आणि जुनी कोणाला तरी स्वस्तांत दिली जाते. तो तिच्यावर खोली बांधतो, मुलाबाळांसह मासे धरावयास जातो, नांव बदलून मुलीचें ठेवतो. कांहीं जळतात, कांहीं बुडतात, कांहीं कुजतात. म्हणून उरलेल्या थोड्या नौका दुर्मिळ, दुर्मिळ म्हणून महाग, आणि महाग म्हणून खोट्या वंशावळींचा मोह मोठा. एका विजयी नांवावर दोन नौका हक्क सांगूं लागल्या, तर निदान एक तरी खोटी असते. आणि ती खोटी नौका खरीचा मान चोरते. पण ती आणखीहि एक चोरी करते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. तिचें स्वतःचें असें कांहीं आयुष्य होतें. ती कदाचित् सातवी आली असेल. कदाचित् वादळांत इंजिन बंद पडूनहि तिनें माणसें सुखरूप आणलीं असतील. कदाचित् तिनें कोणतीच शर्यत पाहिली नसेल, आणि एका कुटुंबाला तीस वर्षें समुद्र दाखविला असेल. दुसऱ्याचें नांव अंगावर घेतांच तें सारें पुसलें जातें.

जीर्णोद्धाराचाहि ह्याच दृष्टीनें विचार केला पाहिजे. कुजलेली फळी बदलावीच लागते. तीत पाप नाहीं. किती फळ्या बदलल्या म्हणजे नौका जुनी राहत नाहीं, ह्यावर जाणत्यांतहि वाद आहेत. परंतु एका गोष्टीवर वाद होण्याचें कारण नाहीं : जें बदललें त्याची यादी असावी, काढलेल्या भागाचें छायाचित्र असावें, आणि शक्य तर जुनी फळी एका कोपऱ्यांत जपून ठेवावी. पुढचा शोधक आजच्याहून अधिक जाणता निघण्याचा संभव आहे. त्याचा पुरावा आपण जाळून टाकूं नये.

आतां त्या वखारीमागच्या नौकेकडे परत जाऊं. समजा कीं, तिच्या मालकानें तळ मोजला, रंग घांसला, कारखान्याशीं पत्रव्यवहार केला, जुनीं मासिकें चाळलीं. तळ त्या नामांकित घडणीचा निघाला. साल जवळपास जुळलें. पण छायाचित्रांतली दोर बांधण्याची खुंटी डाव्या अंगाला आहे आणि हिच्यावर तिथें खुंटीची खूणहि नाहीं. अशा वेळीं मनुष्याची परीक्षा होते. खुंटी मागून काढली असेल, असें स्वतःला समजावणें सोपें आहे. खरा शोधक तसें करीत नाहीं. तो लिहून ठेवतो : तळ जुळतो, काळ जुळतो, खूण जुळत नाहीं. मग तो नौका नीट करतो, नवीं इंजिनें बसवितो, तिला पाण्यांत उतरवितो, आणि पाठीमागच्या फळीवरची नांवाची जागा कोरी ठेवतो.

कोऱ्या फळीची नौका बंदरांतून बाहेर पडली तर कांठावरचे लोक विचारतील, हिचें नांव काय? अजून ठाऊक नाहीं, हें उत्तर देण्यांत कमीपणा नाहीं. लाटेला तिचें नांव लागत नाहीं. लाटेला तिचा तळ समजतो. आणि पुढें कधीं एखाद्या पेटींतून एखादें पिवळें पडलेलें छायाचित्र निघालें, तर रंगाचा डबा घेऊन तें नांव लिहावयास फळी मोकळी असेल.